खाता यायला लागलं की

गिरणी बंद पडली आणि माझ्या तोंडातला घास जागच्या जागी थांबला.

माझ्या भावाची, काशीदादाची पिठाची गिरणी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच होती. ती चालू असली की फळीवरचे डबे बारीक थरथरायचे आणि शेजारच्या माणसाशी बोलायलाही आवाज चढवावा लागायचा. त्या घरघरीत मी भाकरीचा तुकडा चावत होते. तेवढ्यात लाईट गेली. पट्टा फटफट करत थांबला आणि एकाएकी इतकं शांत झालं की स्टोव्हवरच्या आमटीचं रटरटणं ऐकू यायला लागलं.

मी ओठ गच्च मिटून घेतले.

समोर भागाअक्का पाय पसरून बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या भावजयीची, सुवर्णावहिनींची आई. नवरा गेल्यापासून त्या लेकीकडेच राहायच्या. लेकीच्या घरात आई जशी राहते तशा राहायच्या, म्हणजे सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि घरातल्या कुठल्या गोष्टीत मत द्यायचं नाही. पण त्यांच्या तोंडात वरखाली दोन्ही कवळ्या होत्या, आणि त्या एका विषयात मात्र घरात त्यांचा शब्द शेवटचा होता.

"थांबलीस का गं?"

मी नुसती मान हलवली.

"अडकला का घास?"

पुन्हा मान हलवली.

"मग चाव की."

मी चावलं नाही. चावलं असतं तर टक् झालं असतं. माझी वरची कवळी नवी होती, अजून हिरडीवर बसली नव्हती. खालच्या माझ्या स्वतःच्या दातांवर ती आपटली की वाटीवर लाकडी चमचा आपटावा तसा आवाज यायचा. निदान मला तरी तो तेवढा मोठा वाटायचा. वहिनी देवळात गेल्या होत्या, दादा गिरणीत होता, घरात ऐकायला अक्कांशिवाय कोणी नव्हतं. तरी मी दाराकडे बघत, घास गालात धरून बसून राहिले. घासाची लापशी झाली.

"एवढं भ्यायला काय झालं?" अक्का म्हणाल्या. "घास हाय त्यो, इंचू न्हाई."

लाईट आली, गिरणी पुन्हा घरघरायला लागली, तेव्हा कुठे मी तो गिळला.

याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी चौतिशीत होते. माझे वरचे पुढचे दात त्या वर्षी दिवाळीनंतर पडले. मोरीत पाय घसरून दगडावर तोंड आपटलं, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. उरलेल्यांतले काही हलत होते, काही आधीपासूनच किडलेले. देशमाने डॉक्टरबाई म्हणाल्या, वरचे सगळेच काढून पूर्ण कवळी बसवलेली बरी. आमचं घर लातूरला. तिथे यांचं घड्याळांचं दुकान. माझं पथ्यपाणी करायला घरात कोण होतं? म्हणून यांनीच मला बार्शीला दादाकडे आणून सोडलं. शिवानी, आमची मुलगी, नऊ वर्षांची. शाळा बुडायला नको म्हणून ती यांच्यापाशीच राहिली. निघताना हे दादाला म्हणाले, "घाई काही नाही. नीट खाता यायला लागलं की कळवा. येऊन घेऊन जातो."

दादाला त्याचं फार कौतुक. "असा जावई मिळायला नशीब लागतं," तो वहिनींना म्हणाला. "विडी नाही, सुपारी नाही. कधी आवाज चढवून बोलणं नाही."

ते खरंच होतं. यांचा आवाज कधी चढायचा नाही.

तर खायला शिकणं सुरू झालं. वाटतं तेवढं ते सोपं नसतं. कवळीनं टाळू झाकलेला असतो, त्यामुळे मीठ लागत नाही, गोड लागत नाही, चहा किती कढत आहे ते घशाला चटका बसल्यावर कळतं. पहिले काही दिवस तर ती नुसती तोंडात धरली तरी उमासे यायचे. हिरडीला फोड आले. मिठाच्या पाण्यानं चुळा भरून भरून जीभ खरखरीत झाली. शेंगाचटणीचा एक कण कवळीखाली गेला की चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, घास लहान घ्या, पुढच्या दातांनी तोडू नका, दोन्ही बाजूंनी सारखं चावा.

"सारखं म्हंजी कसं, ते मी सांगते," अक्का म्हणाल्या. "जिभेनं घास वाटून द्यायचा. दोन जावांना वाटून द्यावा तसा. एकीकडं जास्ती गेला की दुसरी उठून बसती."

आणि खरंच तसं व्हायचं. एका बाजूनं चावलं की दुसऱ्या बाजूची कवळी हिरडीवरून उचलायची.

केळं, शिरा, उकडलेला बटाटा, भाताची शितं, मग पोळी, मग भाकरीचं मऊ पोट. अक्का माझ्यासमोर बसून खायच्या. त्यांचं खाणं म्हणजे सगळ्या गल्लीला कळेल असं. कांदा फोडणार, काकडीचा मोठा तुकडा घेणार, दोन्ही कवळ्या टकाटक वाजवत चावणार आणि चावता चावता बोलणार. त्या काकडी खायला लागल्या की मी काहीतरी काम काढून उठून जायची. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

भीती कसली वाटते, असं मला बाकी सगळ्यांनी विचारलं. घास घशात अडकेल याची, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुपारी गिरणी चालू असताना मी अक्कांबरोबर भाकरी खायची, आणि रात्री दादासमोर पेज प्यायची. दादा रोज विचारायचा, "आज काय काय खाल्लंस?" मी म्हणायची, "पेज." तो हळहळायचा. "वहिनीला मऊ भात करायला सांग. लवकर सवय कर, बाई. तिकडे घर खोळंबलंय, पोरगी एकटी आहे."

एकदा भांडी घासताना अक्का हळूच म्हणाल्या, "माझ्यापुढं भाकरी खातीस, आन् भावापुढं पेज पितीस."

माझ्या हातातली परात निसटली.

"मी काय सांगत न्हाई कुणाला," त्या म्हणाल्या. "मला कोण इचारतंय? पन पोरी, पेज पिऊन किती दिस काढशील?"

मी परात उचलून पुन्हा घासायला घेतली. खाता आलं नाही तर उपास, आणि खाता आलं तर लातूर. मी रोज थोडं थोडं शिकत होते, आणि जे शिकत होते ते लपवत होते. शिवानीची आठवण आली की वाटायचं, आजच्या आज सगळं खायला यावं आणि संध्याकाळच्या गाडीनं निघावं. मग लातूरच्या त्या घराचं दार डोळ्यांपुढे यायचं आणि रात्री मी पुन्हा पेजच मागून घ्यायची.

माघात अक्कांनी कडक भाकऱ्या करायला घेतल्या. आमच्याकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, विस्तवाकडेला उभी करून पापडासारखी वाळवतात. महिना महिना टिकते. अक्कांनी त्यातली एक मोडून माझ्या हातात तुकडा दिला. "हिला भिजवायचं न्हाई. दोन्हीकडं ठेव आन् दाब."

गिरणी चालू होती. मी तुकडा मोडून दोन्ही दाढांवर ठेवला आणि दाबला. कुर्र झालं. गिरणीच्या आवाजातही ते मला कानाच्या आतून ऐकू आलं. कवळी हलली नाही. मी पुन्हा दाबलं. ज्वारीची, जिऱ्याची चव जिभेच्या कडांना लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कशाला तरी चव होती. मी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. हावऱ्यासारखी खात सुटले. अक्का हसत होत्या.

"अगं बाई! वन्सं!"

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. त्या इतक्या मनापासून खूश झाल्या होत्या की मला त्यांच्यावर रागवताही येईना. "कडक भाकरी खायला लागलात! आणि आम्हाला वाटतंय अजून पेजच चाललीय! अहो, ऐकलं का?" आणि त्या गिरणीच्या दारात जाऊन मोठ्यानं दादाला सांगायला लागल्या.

दादानं त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून लातूरला फोन केला.

रविवारी हे आले, आणि शिवानीला घेऊन आले. मला वाटलं होतं एकटेच येतील. दारात तिला बघून मी धावले. ती धावली नाही. तिनं आधी स्वतःच्या चपला काढल्या, यांच्या चपलांशेजारी ओळीत लावल्या, आणि मग येऊन माझ्या पोटाला चिकटली.

"आई, तुझे दात छान दिसतात," ती म्हणाली. पुटपुटल्यासारखी म्हणाली.

"कशी आहेस?" यांनी मला विचारलं. नेहमीसारखंच, हसून. दादानं खुर्ची पुढे केली. "बसा दाजी. प्रवास कसा झाला?" दाराशेजारी माझी बॅग भरून ठेवलेली होती. वहिनींनीच भरली होती; वर कडक भाकऱ्यांची पिशवी बांधून ठेवली होती.

सकाळपासून लाईट नव्हती. गिरणी बंद होती. पंखासुद्धा फिरत नव्हता.

वहिनींनी गव्हाची खीर केली होती, भरली वांगी, आमटी, पापड, आणि माझ्या कौतुकासाठी म्हणून कडक भाकरी. आमच्यात पुरुषांची पानं आधी वाढतात. मी स्वयंपाकघरात पापड भाजायचं काम धरून बसले होते. बाहेरून यांचा आवाज आला.

"महानंदालाही बसू द्या ना आमच्याबरोबर. इतके दिवस ऐकतोय खाता यायला लागलं म्हणून. बघू तरी कशी खाते."

"चल गं, बस," दादा खूश होऊन म्हणाला. "दाजी एवढं म्हणतायत."

माझं पान यांच्या समोर वाढलं. माझ्या बाजूला शिवानी, यांच्या बाजूला दादा. वहिनी वाढत होत्या. अक्का नेहमीप्रमाणे दाराच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्ये पाण्यानं भरलेला तांब्या.

जेवण सुरू झालं. बोलत फक्त दादा होता, पाऊसपाण्याचं, ज्वारीच्या भावाचं. तो बोलायचा थांबला की खोलीत काहीच आवाज नसायचा. मी खिरीचा घास घेतला. जिभेनं टाळूवरच्या प्लॅस्टिकला चिकटवून चावल्याशिवाय गिळला.

मग माझं लक्ष शिवानीच्या ताटाकडे गेलं. तिनं पापड घेतला होता. तो तिनं मोडला नाही. आख्खा पापड आमटीवर ठेवला, अंगठ्यानं हळूहळू आत दाबला आणि वाट बघत बसली. त्याची पार ओली चिंधी झाल्यावर तिनं तो चिमटीनं उचलला आणि ओठ मिटून गिळला.

"अगं, पापड भिजवून कोण खातं?" वहिनी हसल्या.

शिवानीनं वहिनींकडे बघितलं नाही. तिनं आधी यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला असाच आवडतो, मामी."

तिला तसा आवडत नव्हता. लहानपणी विस्तवावरचा पापड माझ्या हातून ओढून घेऊन ती अंगणात पळायची.

आमच्या घरात जेवताना आवाज करायचा नाही, असा नियम होता. यांचं काम बारीक. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं. घरी आल्यावर डोकं उठलेलं असायचं, एवढंच मला सुरुवातीला वाटलं. आधी पापड बंद झाले. मग चिवडा, शेंगदाणे, कच्चा कांदा. आवाज झाला की हे जेवायचे थांबायचे आणि बघत राहायचे. नुसते बघायचे. मग हातावर चापटी. मग ती चापटी कधी गालावर गेली ते माझं मलाच आठवत नाही. दिवाळीनंतर एका रात्री माझ्या ताटात काकडीच्या चकत्या होत्या. एक मी चावली. यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

मोरीत मी नंतर गेले, तोंड धुवायला.

शिवानीला यांनी कधी बोट लावलं नव्हतं. त्या एका गोष्टीला धरून मी इतकी वर्षं राहिले होते. आणि मी नसताना ती पापड भिजवायला शिकली होती.

मी माझ्या ताटाकडे बघितलं. मीही कडक भाकरी मोडून आमटीत बुडवून ठेवली होती. नकळत ठेवली होती. आम्हा दोघींच्या ताटांत सारखाच लगदा होता.

मी एक घास उचलला, तोंडात घातला. घास एकीकडेच गेला. कवळी सुटली आणि दातांवर आपटली.

टक्.

एवढासा आवाज. दादानं ऐकलाही नसेल. हे जेवायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि तांब्या उचलला.

त्यापुढचं मी ठरवून केलं नाही. माझे दोन्ही हात आपोआप तोंडावर आले आणि मी पाटावरून मागे कोसळले. कवळी उडून ताटात पडली. आणि माझ्या शेजारी, त्याच क्षणी, शिवानीनं कोपर डोक्यावर घेऊन अंगाचं मुटकुळं केलं होतं.

दादाचा घास हातातच राहिला होता.

"अहो, पाणी घेतोय मी," हे हसले. भांड्यात पाणी ओतून त्यांनी दाखवलं. "कवळी अजून बसलेली दिसत नाही नीट. काशिनाथराव, तुम्ही तर म्हणालात..."

दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो शिवानीच्या कोपराकडे बघत होता. ते अजून खाली आलं नव्हतं.

मी ताटातली कवळी उचलली आणि मोरीत गेले. मोरीला लागून मागचं दार होतं, उघडं होतं. तिथून बाहेर पडले असते तर गल्लीतून थेट रस्त्यावर. खरं सांगायचं तर माझा एक पाय उंबऱ्यावर गेलाही होता. पण पोर आत बसली होती. मी कवळी धुतली, अंगठ्यानं दाबून बसवली, आणि आत येऊन पुन्हा पाटावर बसले.

आमटीतला लगदा बाजूला सारला. कोरडी कडक भाकरी मोडली. तुकडा दोन्ही दाढांवर ठेवला आणि चावला.

कुर्र.

त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा झाला! वाटलं, आता ही कवळी पुन्हा पडणार. मी चावत राहिले. मध्येच टक् झालं. तरी चावत राहिले.

"नंदे," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "तू मोरीत पडली होतीस ना?"

मी हात वर करून त्याला थांबवलं.

"तोंडात घास आहे दादा. संपला की सांगते."

नव्या कवळीनं कडक भाकरी चावायला वेळ लागतो. ती आधी काचेसारखी तुटते, मग टोचते, मग पीठ होते, मग कुठे गिळता येते. घाई केली की ठसका लागतो. मी घाई केली नाही. वहिनी पळी हातात धरून उभ्या होत्या. दादा ताटाशी थिजून बसला होता. आणि समोर तो बसला होता, हातात तांब्या तसाच धरून, माझं चावून व्हायची वाट बघत.

मी गिळलं. पाणी प्यायले.

"मी पडले नाही," मी म्हणाले. "यानं मारलं. तांब्यानं. काकडी खाताना आवाज झाला म्हणून."

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," तो शांतपणे म्हणाला. "इतके दिवस एकटी राहिली ना. शिवानी, सांग मामाला. आई कुठे पडली होती?"

शिवानीचे ओठ हलायला लागले.

"तिला विचारायचं नाही," मी म्हणाले. "मी सांगतेय ना."

त्यानं हात झटकला. "शिवानी, ऊठ. चप्पल घाल."

आणि ती उठायला लागली. काही न बोलता, हातही न धुता. शिकवलेलंच तसं होतं. मला तिचा फ्रॉक धरायचा होता, पण माझे हातच हलेनात.

"पोर जेवतीय," उंबऱ्याकडून अक्का म्हणाल्या. त्यांनी तिथूनच सरकत येऊन शिवानीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. "भरल्या ताटावरनं उठवू न्हाई कुनाला."

"तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला. "लेकीच्या घरात राहता तुम्ही."

"माझी आई आहे ती," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पळी खाली ठेवली. दारापाशी गेल्या, माझी बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

दादा काय बोलेल याची मला धास्ती होती. लोक काय म्हणतील, याचा विचार करणारा माणूस तो. मग त्यानं ताटाला हात जोडले, अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतले आणि खुंटीवरची टोपी घातली.

"दाजी, लातूरची गाडी आत्ता मिळेल," तो म्हणाला. "चला. स्टँडपर्यंत येतो मी."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं काही नाही. लातूरहून माणसं आली, समजावून गेली, धमकावूनही गेली. पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात किती फेऱ्या झाल्या, त्याची गणती नाही. दादा पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. एकदा विचारलं त्यानं, "आधी का सांगितलं नाहीस?" मी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मला परत पाठवलं नसतंस?" तो तसाच उठून गिरणीत गेला. पुढे मीही त्याच गिरणीत बसायला लागले, दळणं घ्यायला. शिवानीला ओठ उघडून खायला किती वर्षं लागली, ते तिचं तिला माहीत. मी कधी तिला त्याबद्दल टोकलं नाही.

पण त्या दुपारी ते दोघं स्टँडवर गेल्यावर आम्ही चौघीच घरात उरलो. माझ्या अंगाला तेव्हा खरी थरथर सुटली. दात दातांवर वाजायला लागले, म्हणून मी कवळी काढून पदरात धरली. शिवानीनं माझं तसं तोंड पहिल्यांदाच नीट बघितलं. घाबरली नाही. जवळ सरकली.

"आई, पप्पा परत आले तर?"

मला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. "येतीलही," मी म्हणाले.

"मग?"

वहिनी उठल्या, पुढचं दार लावलं, कडी घातली. मग मागचंही लावलं. खिरीचं पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी जेवा सगळ्या." मी कवळी पुन्हा बसवली. अक्कांनी चौघींना वाढलं, आणि त्या दिवशी त्या मागून जेवल्या नाहीत. बंद दाराआड आम्ही चौघीजणी एकत्र जेवायला बसलो. खीर निवली होती, तरी आम्ही बराच वेळ खात होतो.

मध्येच दारावर थाप पडली. चौघींचेही हात थबकले. अक्कांनी शिवानीला जवळ ओढलं. कोणीच उठेना.

"नंदे, मी आहे," बाहेरून दादाचा आवाज आला. "एकटाच आहे."